नाव-गावासकट सलाम

रिस्पा मुहोंजा डोक्यावर मक्याची पाटी घेऊन एझ्रा लिहांडाच्या पीठगिरणीत शिरली तेव्हा तिचं वय सव्वीस होतं. दळण घेऊन बाहेर पडली तेव्हा ते नेमकं किती झालं होतं, याबद्दल तिला आजही शंका आहे.

किलिंगाच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू होऊन तिला चारच दिवस झाले होते. गिरणीच्या दारात तिला पिठाचं एक उंच पोतं उभं दिसलं. पोतं हसलं, तेव्हा ती दोन पावलं मागे सरली. पोत्याने गिरणीचा खटका बंद केला, पापण्यांवरचं पीठ फुंकरीने उडवलं आणि चौकशीला सुरुवात केली.

"या, या, या! कशा आहात? घरचे कसे? आई? वडील? वारले? अरेरे! कधी? कशाने? आणि आईजवळ कोण असतं? गाय? गाय कशी आहे? दूध देते? एका वेळी किती?"

गायीनंतर वासरू झालं, वासरानंतर मावशी, मावशीचा गुडघा, गुडघ्यावरचं औषध आणि ते औषध देणारा वैदू. वैदू लिहांडाच्या ओळखीचा निघाला, त्यामुळे वैदूच्या घरची चौकशी रिस्पालाच करावी लागली. दारातली कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. चौकशी मावशीपाशी पोचली तोवर पिल्लं बाहेर येऊन दाणे टिपू लागली होती. पाटीतल्या मक्याला मोड फुटायचे बाकी होते. रांगेत मागे उभी असलेली एक म्हातारी त्याच दिवशी देवाघरी जायची होती म्हणतात. पण गुडघ्याचं पुढे काय झालं ते ऐकल्याशिवाय ती जाईना.

सगळं विचारून झाल्यावर लिहांडाने खिशातून फोन काढला, तो हात लांब करून धरला आणि गिरणी चालू असती तरी ऐकू गेलं असतं अशा आवाजात ओरडला.

"सलाम, सलाम, सलाम! किलिंगाचा गडगडाट बोलतोय! माझ्या शेजारी उभ्या आहेत आपल्या नव्या मॅडम, रिस्पा मुहोंजा, सबाटियाकडच्या दिवंगत मुदाकींच्या धाकट्या कन्या! लग्न व्हायचंय! राहायला फ्रेंड्स चर्चच्या मागे, निळ्या दारांच्या चाळीत, दुसरी खोली! कुलूप जरा हलकंच आहे, मी पाहिलंय! शनिवारी दुपारी घरीच असतात! सगळ्यांनी त्यांना सलाम करा!"

चार वाजायच्या आत तीन माणसं निळ्या दारांच्या चाळीतल्या दुसऱ्या खोलीपाशी येऊन गेली. एकाने लग्नाचं विचारलं. दुसऱ्याने तिने फ्रेंड्स चर्च सोडून आपल्या चर्चला यावं म्हणून गुडघे टेकून प्रार्थना केली. तिसरा कुलपं विकत होता.

कुलूप तिने घेतलं.

यात लिहांडाचा दोष शोधायचा तर तीस वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा काकामेगाच्या रेडिओवर रोज दुपारी दोन तास सलामांचा कार्यक्रम लागायचा. टपरीवर छापील कार्डं मिळायची. त्यावर रकाने असत: पाठवणाऱ्याचं नाव, गाव, ज्याला सलाम पाठवायचा त्याचं नाव, गाव, आणि निरोप. लोक ती भरून पाठवत आणि निवेदक ती वाचून दाखवी. बाकीचे लोक वर्षाकाठी एखादं कार्ड भरत. लिहांडा आठवड्याला तीस भरायचा. अशा पट्टीच्या सलामवाल्यांना पदव्या असत. म्बालेची तुतारी होती, माजेंगोचा बिबट्या होता, आणि हा किलिंगाचा गडगडाट. ही मंडळी एकमेकांना कधी भेटलेली नसत. पण म्बालेची तुतारी वारली तेव्हा दफनाला पंचेचाळीस अनोळखी माणसं आली, आणि बाईचं खरं नाव यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

एका गोष्टीत मात्र लिहांडा या सगळ्यांचा बाप होता. त्याचा सलाम कधी अर्धवट नसे. नुसतं 'दिनाहला सलाम' म्हणणं त्याला शिवीसारखं वाटे. जगात दिनाह काय कमी आहेत? ज्या माणसाला नाव, बापाचं नाव, गाव, घराची खूण आणि सध्याचा मुक्काम यांच्यासह सलाम मिळत नाही, तो जगतो कशाला, असं त्याचं साधं मत होतं. त्यामुळे 'सध्या सहकुटुंब पुतणीच्या लग्नाला किसुमूला गेलेल्या, मोठ्या धोंड्याशेजारच्या पत्र्याच्या घरातल्या किसिया कुटुंबाला सलाम' असं एकदा त्याच्या नावाने रेडिओवर वाचलं गेलं. किसिया कुटुंब लग्नाहून परतलं तेव्हा धोंडा जागेवर होता. पत्रे नव्हते.

गाव लिहांडावर चिडलं. त्याने शांतपणे आणखी एक कार्ड भरलं: 'किसियांचे पत्रे डोक्यावरून नेताना लुआंडाच्या रस्त्यावर दिसलेल्या दोन तरुणांना सलाम, एकाचा पाय लंगडा, दुसऱ्याला पुढचे दात नाहीत.' चार दिवसांत दोघे सापडले. तेव्हापासून सलामामुळे काही बिघडतं असं कुणी म्हटलं, की लिहांडा ते चोर पुढे करायचा.

मग रेडिओवाल्यांनी दोन तासांची पंधरा मिनिटं केली आणि उरलेल्या वेळात साबण विकायला लागले. लिहांडा वाळला. त्याची बायको कावाई सांगते, त्या वर्षी तो घरातल्या घरात कोंबड्यांना सलाम द्यायचा, नावासकट. शेवटी एल्डोरेटच्या थोरल्या मुलाला दया आली आणि त्याने बापाला फोन आणून दिला.

फोनमधल्या व्हिडिओच्या ॲपने पहिल्याच दिवशी विचारलं, की तुमचं ठिकाण सगळ्यांना दिसू द्यायचं का? लिहांडाला गहिवरून आलं. तीस वर्षांत रेडिओने त्याला हे कधी इतक्या अदबीने विचारलं नव्हतं. त्याने हो म्हटलं. मग ॲपने त्याचे संपर्क मागितले, त्याने दिले. फोटो मागितले, दिले. आणखी काही मागतंय का म्हणून तो बराच वेळ आशेने फोनकडे बघत बसला.

गिरणी शाळेच्या रस्त्यावरच होती. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता किलिंगाचा गडगडाट दारात उभा राहून थेट प्रक्षेपण करू लागला, आणि नकाशावरच्या लाल टिंबासकट ते जगभर जाऊ लागलं.

"हा पाहा शाद्रक चाहिलू! सहावीतला! नाडी बांध रे! याची आई आज माजेंगोच्या बाजाराला गेलीय, घरी आजी एकटी, तिलाही ऐकू येत नाही. शाद्रकच्या आजीला सलाम! मोठ्याने करा! आणि ही आमची कागेहा, लाल स्वेटरवाली! माझीच! सातवीत! हिची आजी दवाखान्यातून काल सुटली, तिलाही सलाम! आमच्या रोझा गायीला सलाम!"

चार हजारांवर चाहते झाले. गावाला तर वेडच लागलं. ज्या पोराला आठवडाभर सलाम मिळाला नाही त्याची आई दळण घेऊन येताना चेहरा पाडून यायची. "माझं पोर काय दिसत नाही का हो तुम्हाला?" मग दुसऱ्या दिवशी लिहांडा भरपाई म्हणून त्या पोराचा जन्मदिवस, त्याला झालेला गोवर आणि घराकडे जायची जवळची वाट असं सगळं सांगायचा, आणि बाईचा चेहरा उजळायचा.

अशा गावात रिस्पाला मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेची प्रमुख नेमण्यात आलं. कारण सोपं होतं: ज्या बैठकीत नेमणूक झाली तिला ती हजर नव्हती. म्बालेला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. तिथून ती एक पेन, एक भित्तिपत्रक आणि पोटात चार तळलेल्या गोड मंदाझी घेऊन परत आली आणि सातवीच्या वर्गापुढे उभी राहिली. खातं खासगी ठेवायचं. फोनमधलं ठिकाण बंद करायचं. गणवेशातला फोटो टाकायचा नाही. अनोळखी माणसाला उत्तर द्यायचं नाही. मुलांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी घरच्या फोनवर सगळं करून आले. त्यांना ते तिच्याआधीपासून येत होतं. त्यांची अडचण वेगळीच होती, आणि ती मागच्या बाकावरच्या एका मुलीने उभं राहून सांगितली.

"मॅडम, फोनचं ठिकाण बंद केलं. बाबांचं कसं बंद करायचं?"

वर्ग बाकांवर लोळून हसला. ती मुलगी, कागेहा लिहांडा, हसली नाही. सुटीत ती वही घेऊन रिस्पाकडे आली. शाळेत फोन आणायला बंदी असल्यामुळे आईच्या फोनवरच्या आपल्या खात्यावर आलेले निरोप तिने भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून आणले होते, तारीखवार, समास सोडून.

'आज लाल स्वेटर. छान दिसतेस.'

'आजी दवाखान्यातून आली ना? बरं झालं.'

'गायनाची तालीम गुरुवारीच असते ना? मला तुमच्या घरातलं सगळं माहीत आहे.'

रिस्पाने ते दोनदा वाचलं.

"कोण आहे हा?"

"माहीत नाही. फोटोच्या जागी फुटबॉलचा खेळाडू आहे."

"आईला दाखवलंस?"

"दाखवलं. आई म्हणाली, किती गं आस्थेने विचारतोय बिचारा. बाबांना सांग, सलाम देतील."

रिस्पाने तिला ते खातं कसं अडवायचं ते शिकवलं आणि थेट मुख्याध्यापकांकडे गेली. मुख्याध्यापक अवुग्वी चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"मॅडम, गोष्ट गंभीर आहे. फार गंभीर. पण लिहांडा पालक समितीचा अध्यक्ष आहे. शाळेच्या जेवणाचं पीठ तोच दळतो. शिवाय गेल्या महिन्यात त्याने मला सलाम दिला, तो माझ्या सासुरवाडीत ऐकला. पहिल्यांदाच सासऱ्यांनी मला कोंबडीचा मानाचा पेटा वाढला. जरा जपून घ्या."

शनिवारी सकाळी रिस्पा कपडे धूत होती. लिहांडाची शेजारीण खावुग्वी डोक्यावर केळ्यांचा घड घेऊन दारात आली आणि घड न उतरवताच उभ्या उभ्या म्हणायला लागली.

"लिहांडांनी सलाम सांगितलाय. तुम्हाला, सबाटियाच्या तुमच्या आईला, आईच्या गायीला, मावशीला, मावशीच्या गुडघ्याला. तुमच्या दिवंगत वडिलांना, ते जिथे असतील तिथे. मुख्याध्यापकांना भेटलात तर त्यांना. चाळीच्या मालकालाही. आणि..." ती अडखळली. "थांबा हं, एक राहिला. हां, नव्या कुलपाला."

"निरोप काय आहे, मावशी?"

"जेवायला या."

"मग तेवढंच सांगायचं ना! मान मोडेल तुमची!"

"तेवढंच सांगून कसं चालेल?" खावुग्वी गोंधळली. "सलाम गाळले तर तो निरोप लिहांडाचा कसा?"

रिस्पालाही लिहांडाला गाठायचंच होतं. त्याने कोंबडी कापली होती, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली होती, म्रेंडाच्या पाल्याची बुळबुळीत भाजी होती. कावाईने हातावर पाणी घातलं. कागेहा दाराशी बसून राहिली. रिस्पाने दोन घास खाल्ले आणि विषय काढला.

"कागेहाचे बाबा, मुलांची नावं घेणं बंद करा."

"का हो मॅडम? मी सलाम देतो, शाप नाही देत."

"कोण ऐकतं ते तुम्हाला माहीत आहे का?"

"चार हजार एकशे सोळा लोक ऐकतात!"

"कोण कोण?"

"चाहते!" लिहांडाने उगालीचा गोळा हवेत फिरवला. "अहो, चोर पकडून दिलेत मी या तोंडाने!"

"ते चोर तुमचाच सलाम ऐकून आले होते."

"पण पकडले गेले ना?"

रिस्पाने वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. लिहांडाने चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. पहिल्यांदा त्याच्या कपाळावर आठी पडली ती धोका कळून नव्हे, लिहिणाऱ्याच्या उद्धटपणामुळे.

"हा कुठला?"

"माहीत नाही."

"कुणाचा?"

"तेही माहीत नाही."

"ना नाव, ना गाव, ना सलाम! हा माझ्या पोरीशी बोलतो कसा?" मग तो पुन्हा वहीकडे वळला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेला. "लाल स्वेटर," तो पुटपुटला. "हे मी सांगितलं होतं."

"सगळंच तुम्ही सांगितलंय, बाबा," दारातून कागेहा म्हणाली.

लिहांडाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मोठ्या मनाचा माणूस होता, आणि त्याच्या मनाला दार कसं ते नव्हतंच. जे आत यायचं ते तसंच बाहेर पडायचं. त्याने हात धुतले, उभा राहिला आणि सोमवारपासून एकाही पोराचं नाव तोंडातून काढणार नाही अशी बायको, मुलगी, मॅडम आणि रोझा गाय यांच्या साक्षीने शपथ घेतली. रिस्पा केळीच्या पानात बांधून दिलेली कोंबडीची तंगडी घेऊन घरी गेली. प्रशिक्षणात सांगितलं होतं त्याहून हे सोपं निघालं, असं तिला वाटलं.

सोमवारी सकाळी सात वाजता किलिंगाचा गडगडाट दारात उभा राहिला. केस विंचरलेले, रविवारचा कोट घातलेला.

"ऐका, ऐका, ऐका! आजपासून मी एकाही पोराचं नाव घेणार नाही! का? कारण वाईट माणसं ऐकतायत! आता समजा, मी तुम्हाला सांगितलं, की माझी कागेहा, वय तेरा, दर गुरुवारी गायनाची तालीम आटपून साडेपाचला निलगिरीच्या वाटेने, चहाच्या केंद्रामागून, एकटी घरी येते. तर ते बरोबर होईल का? नाही! म्हणून मी ते सांगणार नाही! शाद्रकची आई बुधवार-शनिवार घरी नसते, हे सांगू का? मुळीच नाही! आणि ती पाचवीतली पोर, धोंड्यापलीकडच्या घरातली, जिला कुणीही गोड बोललं की ती लगेच मागे जाते, तिचं तर नावच काढायला नको! हो की नाही, मिनायो बेटा?"

अशा रीतीने एकोणीस मुलांबद्दल आपण काय काय सांगणार नाही, ते त्याने सविस्तर सांगितलं. त्या व्हिडिओला आजवरचे सर्वांत जास्त बदाम मिळाले. लोकांनी तो पुढे पाठवला. एका चर्चने उपदेशाचा उत्तम नमुना म्हणून आपल्या पानावर लावला.

रिस्पाला ते पहिल्या तासाला मुलांकडून कळलं. मधल्या सुटीत ती धापा टाकत गिरणीत पोचली, तेव्हा लिहांडा कोटासकट पांढरा होऊन तिची वाटच बघत होता.

"कसं झालं, मॅडम? मुख्याध्यापकांचा फोन आला होता. त्यांच्या सासऱ्यांनाही आवडलं."

"तुम्ही ऐकलंत का, काय बोललात ते?"

"बोलणाऱ्याने कशाला ऐकायचं?"

तिने फोन त्याच्या कानाशी धरला. 'वय तेरा' आलं तेव्हा तो मान डोलवत होता. 'साडेपाच' आलं तेव्हा मान थांबली. 'एकटी'ला त्याने हात पुढे करून फोनचं तोंड दाबलं, जसं काही आतला माणूस अजून गप्प बसवता येईल.

"पुसा, मॅडम. पुसा ते."

तिने पुसलं. तोवर दुपार व्हायला आली होती, आणि चर्चच्या पानावरचं पुसायला चर्चचा सचिव हवा होता. तो एका दफनाला गेला होता. कुठे, तेही लिहांडाने सकाळीच जाहीर केलं होतं.

तेव्हा गुरुवारी आपण स्वतः कागेहाला घरी सोडायचं, असं रिस्पाने ठरवलं. लिहांडानेही गिरणी लवकर बंद करून निलगिरीच्या वाटेच्या वरच्या टोकाला, घराच्या बाजूला, उभं राहायचं कबूल केलं. पण गुरुवारी सव्वापाचला मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं. खोलीत अकरा आया बसल्या होत्या.

"मॅडम, चार दिवस झाले, माझ्या शाद्रकला सलाम नाही," शाद्रकची आई म्हणाली. "पोराने काय घोडं मारलंय तुमचं?"

"माझ्या भावाने नैरोबीहून विचारलं, भाचा आजारी आहे का? दिसत नाही म्हणून!"

"शिकलेल्या माणसांना दुसऱ्याच्या पोरांचं कौतुक बघवत नाही," तिसरी भिंतीला उद्देशून म्हणाली.

रिस्पा एकेकीला समजावत राहिली. म्बालेचं भित्तिपत्रक उलगडून दाखवलं. त्यावरच्या चित्रातल्या मुलीचं आडनाव काय, असं एकीने विचारलं. मध्येच रिस्पाची नजर खिडकीतून बाहेर गेली. गायनाचा वर्ग सुटलेला होता. मैदान रिकामं होतं.

ती कुणाचीही परवानगी न घेता उठली आणि पळत सुटली. चपला तिने फाटकापाशीच काढून हातात घेतल्या. निलगिरीच्या वाटेला ती लागली तेव्हा पुढे कुणी दिसत नव्हतं. ओल्या लाल मातीत मोटारसायकलच्या चाकाचा ताजा माग तेवढा होता, चहाच्या केंद्राकडे गेलेला.

केंद्रावर चहाची पानं तोलून द्यायला आलेल्या बायकांचा घोळका होता. घोळक्याच्या मधोमध, वजनकाट्याच्या ताटलीवर, कागेहा बसली होती. लाल स्वेटरच्या बाह्या तिने दोन्ही मुठींत ओढून धरल्या होत्या.

"काय झालं? कागेहा! काय झालं?"

"मोटारसायकल आली, मॅडम. हेल्मेट होतं. म्हणाला, तुझ्या बाबांनी पाठवलंय, आजीला परत दवाखान्यात नेलंय, बस मागे. आजीचं नाव सांगितलं. रोझाचं नाव सांगितलं. आई कुठे काम करते तेही."

"मग?"

"मी बसणारच होते." तिचा आवाज कापला. "एक पाय ठेवला पण होता. मग मी विचारलं, बाबा काय म्हणाले? तो म्हणाला, लवकर ये म्हणाले. मी म्हटलं, आणखी? तो म्हणाला, आणखी काही नाही."

"बरं."

"मॅडम, माझे बाबा 'लवकर ये' एवढंच म्हणतील?"

घोळक्यातल्या बायकांपैकी एक फिसकन हसली आणि मग तिने स्वतःच तोंडावर पदर धरावा तसा हात दाबून धरला.

"मी पाय काढला आणि पळाले. तो थोडा मागे आला. मग या मावशा दिसल्या त्याला."

"टोपल्या टाकून धावलो आम्ही," वजनकाट्याजवळची म्हातारी म्हणाली. "लिहांडाचा निरोप, आणि दोन शब्दांत! माणूस खोटाच, त्यात विचार काय करायचा?"

वरच्या बाजूने लिहांडा धावत आला. आरडाओरडा ऐकून कुणीतरी त्याला हाक मारली होती. केसांपासून चपलांपर्यंत पांढरा होता, आणि धावताना त्याच्यामागे पिठाचा पट्टा हवेत राहत होता. तो घोळक्यात शिरला. बायका बाजूला झाल्या. सगळ्या वाट बघत होत्या. एवढ्या माणसांत आलेला लिहांडा कुणाचीच विचारपूस न करता उभा राहिला, असं किलिंगात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याने मुलीच्या स्वेटरची बाही धरली. बाहीवर त्याच्या बोटांचे पाच पांढरे ठसे उमटले.

पोलीस चौकीतल्या हवालदाराने मोठी वही काढली. नाव? माहीत नाही. गाव? माहीत नाही. चेहरा? हेल्मेट. मोटारसायकलचा नंबर? बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हवालदाराने चारही रकान्यांत रेघ ओढली आणि सही घेतली.

शुक्रवारी सकाळी शाळेची वेळ होत आली तरी गिरणी बंदच होती. लिहांडाने रिस्पाला बोलावणं पाठवलं. खावुग्वीने ते तीन शब्दांत सांगितलं आणि निघून गेली. दोघं गिरणीच्या पायरीवर बसली. तो माणूस आपल्या चाहत्यांपैकीच असणार, यादीत सापडेल, असं लिहांडाच्या डोक्यात आलं होतं. रिस्पाने त्याला यादी उघडून दिली. तो पिठाळ अंगठ्याने एकेक नाव वर सरकवू लागला.

"गोड विष. हा कुठला?"

"लिहिलेलं नाही."

"फुटबॉलचा राजा."

"असे सात आहेत."

"हे काय? नुसते आकडे?"

"नाव न लिहिणारे. त्यांना ॲपच आकडे देतं."

"बापाचं नाव?"

"नसतं, कागेहाचे बाबा."

तो आणखी बराच वेळ सरकवत राहिला. एखाद्या गावाचं नाव दिसलं, की थांबायचा. एकदा 'लुआंडा' दिसलं. तो गृहस्थ अंगोलाच्या लुआंडाचा निघाला. शेवटी लिहांडाने फोन मांडीवर उपडा ठेवला.

"मॅडम, यातल्या कुणालाच गाव नाही."

"नाही."

"आणि मी यांना रोज सकाळी माझी पोरं दाखवत होतो. एकेकाची ओळख करून देत होतो." तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "यांच्यातल्या एकानेही कधी उलट सलाम दिला नाही हो. मला वाटायचं, लाजतात."

त्याने खातं बंद करायला सांगितलं. ॲपने विचारलं, खरंच जायचंय का? मग म्हणालं, आम्हाला तुमची आठवण येईल.

"तुला? तू कोण?" लिहांडा फोनला म्हणाला. "आधी नाव सांग स्वतःचं."

रिस्पाने बटण दाबलं. लिहांडा उठला, खटका वर केला आणि गिरणीत गेला. सलामाच्या आशेने दारात थांबलेली मुलं त्याच्याकडे बघत शाळेला गेली. त्याने मान हलवली, तोंडातून काही काढलं नाही.

सलाम बंद झाल्यावर बऱ्याच आयांनी दळण दुसऱ्या गिरणीत न्यायला सुरुवात केली. पुढच्या सत्रात मुख्याध्यापकांनी शाळेचं पीठही तिकडेच दिलं. किलिंगाच्या मुलांना आता सकाळी बाजारातला न्हावी सलाम देतो. त्याचे सहा हजार चाहते आहेत. रिस्पाची बदली हमीसीला झाली. मोटारसायकलवरचा माणूस सापडला नाही.